टेपला ओठ नसतात

३ ऑक्टोबर, मंगळवार

उंबरा घासला. आमच्या घरांच्या ओळीत आता मी एकटीच घासते. बाकीच्यांच्या पायऱ्या काळ्याठिक्कर, कुणाला लाज नाही. समोरच्या घरातली नवी पोरगी काचेमागून नवऱ्याला म्हणत होती — "बघ, म्हातारी बसली पुन्हा गुडघ्यावर!" तिला वाटलं काच आहे, मला काय कळतंय. अगं बये, चौदाव्या वर्षापासून कापडाच्या मिलमध्ये मागांवर उभी राहिलेय मी. काच असो, रस्ता असो, कालव्याचा पलीकडचा काठ असो — ओठ दिसले की झालं. म्हातारी म्हणे! पन्नाशी आत्ता कुठे ओलांडलीय. मान वर केली आणि ओठांनीच तिला म्हटलं, "तुझी पायरी बघ आधी." पडदा ओढून घेतला तिनं.

मंगळवार म्हटला की अजून डोकं फिरतं. मंगळवार म्हणजे विल्फचा बहिणीकडे जायचा दिवस. जेवण उरकलं की टोपी घातली, चालला हेट्टीकडे. पाऊस असो, बर्फ असो. काय एवढं बोलायची भावंडं, तीच जाणोत. परत आला की गाल चोळत बसायचा. दाढ दुखते म्हणायचा. मी म्हणायचे, दुखेल नाही तर काय, इतकी चघळलीत माणसं!

आता जायला कुणी नाही आणि यायलाही कुणी नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

बेकरीवाला डकवर्थ आज कामावर माझ्या पाठीमागून काहीतरी बोलला. मी ट्रे घासत होते. मग खांद्याला हात लावला तेव्हा वळले.

"ॲनिस, कितीदा हाक मारायची?"

"दोनच हात आहेत मला. ओव्हनमधून तिसरा काढून दे, मग लगेच ओ देते."

हसला. सुटले.

असं किती दिवस चालणार? मिलनं कान खाल्ले. सगळ्या बायकांचेच खाल्ले, पण बाकीच्या ऐकायची डबी लावून फिरतात — छातीवर डबी, कानात बोंडूक, मधे वायर लोंबते. जत्रेतल्या बाहुल्या! मी नाही लावणार. मी कुणाला सांगितलेलंच नाही. डॉक्टरला नाही, शेजारणीला नाही. विल्फलासुद्धा नाही. रेडिओ ऐकताना तो हसला की मी हसायचे. बिचारा गेला, शेवटपर्यंत पत्ता लागला नाही त्याला.

७ ऑक्टोबर, शनिवार

बटाट्याचा हॅश केला, लाल कोबी केला. पातेलं तेच मोठं घेते मी अजून. मग चार दिवस तेच खात बसते.

९ ऑक्टोबर, सोमवार

डोकं चालेनासं झालंय.

वाचनालयातली मिस लोमॅक्स बेकरीत आली. पोरगी चांगली आहे, पण बोलताना पर्समध्ये बघते, छताकडे बघते, जिथं बघायचं तिथं बघत नाही. "मिसेस ऑर्मरॉड ना तुम्ही? तुमच्या मिस्टरांची —" आणि घातलं तोंड पर्समध्ये. पुढचं गेलं.

मी म्हटलं, "गोंगाट आहे गं इथं. नीट सांग." दुकानात चिटपाखरू नव्हतं. पण तिनं सांगितलं, माझ्याकडे बघून.

तर असं आहे. गावातल्या जुन्या माणसांचं बोलणं ते टेपवर भरून ठेवतायत. मिल, कालवा, जुने शब्द. मिलची चिमणी याच महिन्यात पाडायची आहे ना, म्हणून घाई. आणि विल्फ मरायच्या आधीच्या वसंतात तिथं जाऊन बोलून आलाय. "तासभर बोलले हो! इतकं गोड बोलणं आता आपल्या क्लेगडेनमध्ये ऐकायला मिळत नाही. तुम्ही या ना ऐकायला."

विल्फ. तासभर. मला न सांगता.

"येते," म्हणून बसले. तोंडातून निघूनच गेलं.

१० ऑक्टोबर, मंगळवार

तासभर! माझ्याशी महिन्यातून तासभर बोलला असेल की नाही देव जाणे. लग्न झालं तेव्हा असा नव्हता. अंधारात पडल्या पडल्या बडबडायचा — कालव्यावर कोण भेटलं, कुणाची बोट रुतली, कुठल्या बदकानं कुठं अंडी घातली. मग पुढे बंद. म्हणजे अगदी बंदच. दिवा मालवला की तोंडाला कुलूप. दिवा मालवू नये म्हणून मात्र कुरकुर — "राहू दे जरा, ॲनिस." वीज काय फुकट येते? मी उठून मालवायचे. आणि मग अंधारात दोघं दोन फळकुटांसारखी.

विटला असेल. पुरुष विटतात. हेट्टीकडे मंगळवारी तोंड चालायचं त्याचं, वाचनालयातही चाललं. फक्त माझ्यापुढे नाही.

बोलणं होतं कसं त्याचं? खोल होतं. शेवटी जरा वर जायचं, प्रश्न विचारल्यासारखं. मला वाटतं. आता आठवतंय की मीच बनवतेय, कळत नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

गेले वाचनालयात. चांगला कोट घातला. त्यांनी एका टेबलाशी बसवलं, कानावर त्या दोन वाट्या चढवल्या. मिस लोमॅक्सनं आवाज पार टोकाला नेला, बटण दाबलं आणि समोर बसून माझं तोंड बघत राहिली.

काही नाही. नुसती गुणगुण, लांब कुठेतरी माशी असावी तशी. त्या माशीत विल्फ होता.

टेपला ओठ नसतात. माझ्या एवढं साधं लक्षात कसं आलं नाही? इतकी वर्षं ओठांवर काढली, म्हणून वाटलं जाऊ तिथं काहीतरी दिसेल. दिसतंय काय — दोन चाकं फिरतायत.

ती बघत होती म्हणून मी मान हलवली. तिनं बोट वर केलं — म्हणजे आता ऐका हं. मला वाटलं गंमत आली. विल्फला गमती सांगायची खोड. मी हसले. चांगलं मोठ्यानं हसले.

तिचा चेहरा पडला. वाटी माझ्या कानावरून काढून हळूच म्हणाली — हळू म्हणाली हे ओठांवरून कळतं — "इथं ते भावाबद्दल सांगतायत. कालव्यात बुडाला त्याच्याबद्दल."

नेड. दहा वर्षांचं पोर. आणि मी हसले.

"माणसं रडायच्या जागी हसतात कधीकधी," म्हणाली. "असू दे."

म्हटलं हो, असू दे.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर तोंडात राख.

१५ ऑक्टोबर, रविवार

काल पुन्हा गेले. म्हटलं घरी निवांत ऐकते, मशीन द्या. दिलं बिचारीनं, टेपही दिली. "घरच्या माणसाचा हक्कच आहे," म्हणाली. आणि विचारलं, मी पण बोलेन का त्यांच्या टेपवर? मिलमधलं मी-मॉ करून दाखवाल का? मी म्हटलं, मी-मॉ म्हणजे नुसतं तोंड हलवणं. मागांचा खडखडाट असायचा, आवाज कुणाचा कुणाला जायचा नाही, म्हणून तोंड वाकडंतिकडं करून, भुवया उडवून बोलायचो. टेपवर काय भरणार त्याचं, हवा? तर तीच हसत सुटली. "खरंच की हो!"

जुने शब्द गोळा करतात. शब्द काय बटणं आहेत डब्यात घालून ठेवायला!

आज चर्चला गेले नाही. मशीन स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं, बटण दाबलं आणि आवाज येतो त्या जाळीवर हात ठेवला. थरथरतं. बोलतो तेव्हा थरथरतं, थांबतो तेव्हा थांबतं. मधे ती पोरगी बोलत असेल तेव्हा बारीक थरथरतं. तळव्यानं ओळखता येतं कोण बोलतंय. मिलमध्ये पायातून कळायचं कुठला माग बिघडला, तसं.

चहा गार होऊन गेला.

पण काय बोलतो ते कळलं पाहिजे. मिस लोमॅक्सला म्हणावं का, लिहून काढ? म्हणजे सांगावं लागणार का म्हणून. आणि कागदावर विल्फ कसा येईल? कागदावर सगळी माणसं शाळामास्तरासारखी बोलतात. मला दुसऱ्याचं अक्षर लावून वाचायला लागतं ते वेगळंच.

एकच माणूस आहे गावात. मिलमध्ये शेजारच्या मागांवर होती, ओठ तिचे चुरुचुरु चालतात. पुढे छातीनं त्रास दिला म्हणून मिल सोडून को-ऑपच्या दुकानात चीज कापत बसली, म्हणून कान शाबूत राहिले मेलीचे. ती ऐकू शकते आणि ती बोलून दाखवू शकते.

हेट्टी.

विल्फच्या दफनानंतर चॅपलच्या हॉलमध्ये हॅम आणि चहा होता. मी तिला सगळ्यांदेखत विचारलं, "आता मंगळवारी कुणाच्या कानाला लागशील, हेट्टी?" तिनं बशी खाली ठेवली आणि निघून गेली. तेव्हापासून तोंड नाही बघितलं एकमेकींचं. मी चुकले असं मला वाटत नाही. भाऊ होता तिचा, कबूल. पण नवरा माझा होता.

१८ ऑक्टोबर, बुधवार

विल्फची खुर्ची हलवायला घेतली. खिडकीसमोर उजेडात बसायचा तो, बरोबर माझ्यासमोर. दिवसभर डोळ्यांवर ऊन घ्यायचा, पण हलायचा नाही. मी म्हणायचे, शेगडीपाशी बस की माणसासारखा, ऊब आहे. नाही म्हणजे नाही.

अर्ध्यात सोडली. होती तिथं परत सरकवली.

२२ ऑक्टोबर, रविवार

चिमणी पाडली.

सगळं गाव कालव्यावर. पोरं बापांच्या खांद्यांवर, थर्मास, सँडविच, जसं काही जत्रेच्या आठवड्यात ब्लॅकपूलच्या समुद्रावर निघालेत. जत्रेच्या आठवड्यात सगळ्या मिली बंद असायच्या, धूर बंद व्हायचा, आणि डोंगर दिसायचा. तेवढाच आठवडा. आता रोज दिसतो. कुणी बघत नाही.

चिमणीच्या बुडाशी लाकडं पेटवली. बराच वेळ काही होईना. डकवर्थ म्हणाला, "आमच्या बायकोसारखी आहे, जा म्हटलं की जात नाही." मग ती जरा कलली. दारुडा दारात थांबून विचार करतो तशी थांबली. आणि गेली. मधे मोडून गेली.

सगळ्या गावानं खांदे आक्रसले. हात कानांवर. पोरं भोकाड पसरून रडतायत, तोंडं चौकोनी. माझ्या तळपायाला धक्का बसला, मोठा. बस. बाकी शांत. एवढी मोठी चिमणी आणि पिसासारखी पडली माझ्यासाठी. मी उभीच.

धूळ खाली बसली तर पलीकडच्या काठावर हेट्टी. वाळलीय. चिमणीकडे नव्हती बघत, माझ्याकडे बघत होती. माझ्या एकटीचे खांदे हलले नाहीत ते बघत होती.

मग तोंड उघडलं तिनं. मिलमधल्यासारखं, पूर्ण. "वाचनालयातली पोरगी माझ्याकडेही आली होती. टेप बोलून दाखवू का?"

मधे कालवा, मधे शंभर माणसं, कुणाला काही कळलं नाही. दोन वर्षांनी पहिला शब्द.

मी तोंड फिरवलं. मी-मॉ बोलणारीसमोर तोंड फिरवणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. तिला माहीत आहे. मलाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

जाणार नाही.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

जिनलमधून येताना पडता पडता वाचले. ओली पानं. त्या बोळात विल्फ माझ्यापुढे उलटा चालायचा. खरंच — पुढं जायचा, माझ्याकडे तोंड करून, आणि पाठीकडे पाठीकडे चालत बडबडायचा. सगळ्या आळीत हसं. मी म्हणायचे, "सरळ चाल की गाढवा, कुणाच्या तरी कचऱ्याच्या डब्यात बसशील." एकदा बसलाही!

घरात शिरला की जमिनीच्या फळ्यांवर पाय आपटायचा घोड्यासारखा. आणि मिशी! एवढी झुपकेदार मिशी, सगळी खोरं शोधली असती तरी तशी मिळाली नसती. एके दिवशी काढून आला. वरचा ओठ म्हणजे सोललेलं कोंबडं. विचारलं का रे बाबा, तर म्हणाला, "सूप अडकतं."

विचित्र माणूस. विचित्र माणूसही घरात असलेला बरा.

३० ऑक्टोबर, सोमवार

गेले. घरची मटणाची पाई नेली, हात रिकामे नकोत म्हणून. मशीन पिशवीत.

हेट्टीनं दार उघडलं. "पाई कुणी केली?"

"मी."

"मग कुत्र्याला घालते." आणि बाजूला झाली आत येऊ द्यायला.

मी म्हटलं, माझ्या मशीनचा आवाज फाटतो, काही समजत नाही, तू ऐक आणि सांग. "हो का?" म्हणाली. "मशीनं हल्ली कसलीच चांगली येत नाहीत." खिडकीपाशी बसली, उजेड तोंडावर घेऊन. मी समोर. बटण दाबलं.

काय सांगू. मी तिचं तोंड असं कधी बघितलंच नव्हतं. तेच तोंड. खालचा ओठ डावीकडे जातो, तसाच. शब्द सुरू करायच्या आधी जरा थांबतो, तसाच. केस पांढरे, अंगात बाईचं स्वेटर — आणि मधे विल्फचं तोंड बोलतंय. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात कालवा गोठला तेव्हा बर्फ फोडायच्या बोटीत सगळे उभे राहून बोट कशी डोलवायचे ते. नेड कसा गेला ते. हेट्टीचे ओठ तिथं हलायचे थांबले, मग पुन्हा हलले. तिचाही भाऊच की.

पोरीनं विचारलं, बोळाला तुम्ही काय म्हणता?

"जिनल. डोंगरापलीकडचे स्निकेट म्हणतात. पण त्यांना चहासुद्धा धड करता येत नाही, शब्दांचं काय घेऊन बसलात!"

मी हसले. या वेळी बरोबर जागी.

आणि तुमच्या मिसेस?

"तिला चार माग होते मिलमध्ये, पाचवा मी. ते चार तिचं ऐकायचे."

मेल्या! हेट्टी पण हसत होती. मग पोरीनं पुढे काहीतरी विचारलं असणार. हेट्टीनं ऐकलं. ओठ उघडले — आणि मिटले. ऐकत राहिली. माझ्याकडे बघेना. भिंतीवरच्या आरशाकडे बघत होती. मग हात पुढे करून म्हणाली, "संपली टेप."

"चाकं फिरतायत."

"रिकामी फिरतायत."

मी जाळीवर हात ठेवला. थरथरत होती. खोल, त्याचीच. "हेट्टी, बोलतोय तो."

तिनं बटण दाबून बंद केलं. "तुझ्यासाठी नाहीये ते, ॲनिस. मी शब्द दिलाय."

कुणाला दिलाय? माझ्या नवऱ्याचं बोलणं आणि माझ्यासाठी नाही! मी मशीन उचललं आणि निघाले. पाई तिथंच राहिली.

१ नोव्हेंबर, बुधवार

माझ्याबद्दलच बोललाय. नाही तर लपवायचं काय? मिसेसबद्दल विचारलं आणि मग हेट्टीचं तोंड बंद झालं. म्हणाला असेल, खडूस बाई आहे. म्हणाला असेल, घरात बोलायला माणूस नाही म्हणून बहिणीकडे जातो.

म्हणू दे. खरंच असेल तर खरं. पण मला कळू दे! सगळ्या गावाला कळायचं आणि मला नाही?

५ नोव्हेंबर, रविवार

रिकाम्या मैदानात पाच नोव्हेंबरची शेकोटी पेटली, दरवर्षीसारखी. दारूकाम. सगळं आकाश फुलतंय आणि आवाज नाही. समोरच्या पोरीनं आल्याचा केक आणून दिला दारात. म्हणाली, "एकट्याच असता ना." ओठांवरून वाचलं तरी बोचतंच. केक कडक होता.

८ नोव्हेंबर, बुधवार

मिस लोमॅक्सला गाठलं. मशीन अजून थोडे दिवस ठेवते म्हटलं. "ठेवा की," म्हणाली. मग जवळ आली. "शेवटचा भाग ऐकलात?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"तो आम्ही कुणाला ऐकवत नाही. त्यांनीच सांगितलं होतं." आणि माझा हात धरला. डोळे भरलेले.

मी हात काढून घेतला. ज्या बाईची नवऱ्यानं परक्या पोरीसमोर अब्रू काढली, तिचाच हात असा धरतात.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

बेकरीत ट्रे करपवला. डकवर्थ ओरडत होता वाटतं. मी त्याच्याकडे बघितलंच नाही, म्हणून ओरडला नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार

पाऊस. हेट्टीच्या घरासमोर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. दारावर जायचं नव्हतं. दारावर गेलं की आवाज काढून बोलावं लागतं.

ती खिडकीत आली. पडदा बाजूला केला. मी डोक्यावरचा रुमाल मागं सारला, तोंड नीट दिसावं म्हणून. आणि बोललो आम्ही, जशा मागांमधून बोलायचो.

मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही."

बसमधली माणसं बघून गेली — भिजलेली बाई, जबडा हलवतेय. आवाज नव्हताच, त्यामुळे म्हणता आलं. पुन्हा म्हटलं. "कधीपासूनच येत नाही. मशीन चांगलं आहे. कान गेलेत. काय म्हणाला ते सांग. शिव्या दिल्या असल्या तर शिव्या सांग. माझ्याकडे दुसरं काही नाही त्याचं."

हेट्टीनं दोन्ही हात काचेवर ठेवले. काच धुरकटली तिच्या श्वासानं, मग तिनं बाहीनं पुसली, मला दिसावं म्हणून.

"मंगळवारी येते," म्हणाली.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

दारात पाय आपटला हेट्टीनं. फळी हलली, मी वळले. ती विल्फच्या खुर्चीत बसली, खिडकीसमोर. टेप लावली. म्हणाली, शब्द मोडतेय, त्याला वर गेल्यावर भेटून माफी मागेन. मग त्याचं तोंड झाली.

"मी मिलमधला नव्हे, बाई, कालव्यावरचा. पण मी-मॉ येतं मला. चाळिशी उलटल्यावर शिकलो. आमच्या हेट्टीनं शिकवलं, दर मंगळवारी, तिच्या आरशासमोर. चुकलो की पळी मारायची. जबडा असा दुखायचा! मिशीसुद्धा काढायला लावली — म्हणे झुडपामागून शब्द दिसत नाहीत. आमच्या ॲनिसचे कान गेलेत. तिला वाटतं मला माहीत नाही. वाटू दे. मानी आहे ती. हे कुणाला ऐकवू नका."

हेट्टी गेली. बाहेर अंधार पडलाय.

"राहू दे जरा, ॲनिस," म्हणायचा. दिवा मीच मालवायचे.